उष्णतेचा धडा कोणाकरितां?

ता. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें उघड्या मैदानावर एक प्रचंड समारंभ झाला. त्यास आलेल्या लोकांपैकीं १४ जण उष्माघातानें मृत्युमुखीं पडले. त्या दिवशीं त्या भागांतील तापमान सुमारें ३८ अंश सेल्सिअस नोंदलें गेलें होतें. विदर्भांतील मनुष्यास ऐन उन्हाळ्यांत हा आंकडा सौम्यच वाटेल. मग त्यानें माणसें कशीं दगावलीं? व्यवस्थेच्या गुणदोषांची चर्चा त्या वेळीं पुष्कळ झाली, ती आम्ही येथें पुन्हां उकरून काढीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, या प्रश्नाचें अर्धेंअधिक उत्तर दहावीच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत उष्णतेच्या प्रकरणांत छापलेलें आहे. आणि तें तेथेंच पडून राहतें, ही खरी दुःखाची गोष्ट होय.

उष्णता आणि तापमान या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, हा या शास्त्राचा पहिला धडा. दिवाळींतील फुलबाजीच्या ठिणगीचें तापमान शेंकडों अंश असतें. तरी ती हातावर उडाली तर क्षणभर चुरचुरतें, इतकेंच. उलट बंबांतील कढत पाण्याचें तापमान शंभर अंशांच्या आंतच असतें, पण तें अंगावर सांडलें तर माणूस जन्माचा अधू होतो. ठिणगींत तापमान फार पण उष्णता अल्प, आणि पाण्यांत उष्णतेचा सांठा मोठा. आमच्या व्यापारी वाचकांस हें सहज पटेल. मालाचा भाव ऐकून वखारींत माल किती हें कळत नाहीं, तसेंच तापमानावरून उष्णतेचा सांठा कळत नाहीं.

दुसरा धडा याहून सूक्ष्म आहे. १ ग्रॅम पाण्याचें तापमान १ अंशानें वाढविण्यास १ कॅलरी उष्णता लागते. परंतु शून्य अंशावरील १ ग्रॅम बर्फाचें शून्य अंशावरीलच पाणी करण्यास सुमारें ८० कॅलरी लागतात, आणि १०० अंशांवरील १ ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५४० कॅलरी. एवढी उष्णता आंत जात असतां तापमापकाचा पारा मात्र तसूभरही हलत नाहीं. अठराव्या शतकांत ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक या अध्यापकानें ही दडून बसणारी उष्णता ओळखली. तिलाच आपल्या पुस्तकांत अप्रकट उष्मा म्हटलें आहे.

या एका गुणावर पुढें मोठा व्यापार चालला. १८३३ सालीं फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्यानें बोस्टनहून कलकत्त्यास जहाजानें १८० टन नैसर्गिक बर्फ धाडला. चार महिन्यांचा प्रवास करून, दोन वेळां विषुववृत्त ओलांडून, त्यांपैकीं सुमारें १०० टन सुखरूप पोहोंचला. पुढें मुंबईसही असाच बर्फ येऊं लागला व त्याकरितां येथें बर्फघर बांधलें गेलें. यांत जादू कांहींच नव्हती. बर्फ वितळण्यास पुष्कळ उष्णता लागते, आणि भोंवतीं ठासलेला लांकडाचा भुसा ती उष्णता आंत सहजासहजीं शिरूं देत नाहीं, या दोन गोष्टींवर तो सौदा उभा होता.

आतां हाच नियम मनुष्यदेहास लावून पाहूं. शरीर अन्नापासून अहोरात्र उष्णता निर्माण करीत असतें. ती बाहेर टाकली न गेल्यास शरीर आंतून तापत जाईल. भोंवतालची हवा अंगापेक्षां उष्ण झाली म्हणजे ही उष्णता टाकण्यास एकच मुख्य वाट उरते, ती घामाची. त्वचेवरील १ ग्रॅम घाम वाळतांना सुमारें ५८० कॅलरी घेऊन जातो. माठांतील पाणी गार होतें तें याच न्यायानें. दहा लिटर पाण्याचें तापमान ५ अंशांनीं उतरण्यास बाहेर झिरपलेलें पाऊणशें ते शंभर ग्रॅम पाणी वाळणें पुरतें. परंतु घाम नुसता येऊन भागत नाहीं. तो वाळला पाहिजे. हवेंत आधींच बाष्प भरलेलें असल्यास तो वाळत नाहीं, नुसता निथळतो. आणि निथळलेला घाम शरीरांतील पाणी व मीठ नेतो, उष्णता मात्र फारशी नेत नाहीं.

दमट हवेचा हा घात मोजण्याचें साधन अगदीं साधें आहे. एका तापमापकाच्या फुग्यास ओलें फडकें गुंडाळावें, दुसरा कोरडा ठेवावा, आणि दोहोंवर वारा घालावा. हवेचें तापमान ४५ अंश व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असतां ओला तापमापक सुमारें २४ अंश दाखवितो; तापमान ३८ अंश व आर्द्रता ५० टक्के असतां तोच सुमारें २९ दाखवितो. म्हणजे कोरडा आंकडा ७ अंशांनीं उतरला, तरी ओला ५ अंशांनीं चढला! वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर नागपुरास खोली गार करतो आणि मुंबईस नुसती ओल आणतो, याचें कारण हेंच. ओल्या तापमापकाचा आंकडा ३५ अंशांजवळ गेला तर सावलींत स्वस्थ बसलेल्या धट्ट्याकट्ट्या माणसासही फार वेळ तग धरतां येणार नाहीं. उन्हांत बसणारा व ओझें वाहणारा यांस तर त्याच्या पुष्कळ अलीकडेच धोका आहे. कोरडा तापमापक हा अर्धेंच सत्य सांगणारा साक्षीदार आहे. त्याच्या एकट्याच्या जबानीवर निकाल देऊं नये. हवामान खातेंही उष्णतेच्या लाटेचा विचार करतांना सपाट प्रदेशास किमान ४० अंशांची आणि समुद्रकांठास ३७ अंशांची अट लावतें. विदर्भांतला कोरडा चटका निरुपद्रवी, असा मात्र याचा अर्थ कोणी करूं नये. तेथें हवाच अंगांत उष्णता ओतीत असते, आणि पिण्यास पाणी न मिळाल्यास घामाची वाटही बंद पडते.

हें सर्व ज्ञान शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस मराठींत उपलब्ध आहे. मग तें घरांत कां पोहोंचत नाहीं? तें परीक्षेपुरतें शिकविलें जातें म्हणून. अप्रकट उष्म्याची व्याख्या बिनचूक लिहून पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी घरीं येऊन दुपारीं पत्र्याखालीं निजलेल्या आजीला हलवीत नाहीं, कारण त्या व्याख्येचा आजीशीं कांहीं संबंध आहे हें त्याला कोणी दाखविलेलेंच नसतें. पैशांची सबब येथें चालणार नाहीं. दोन तापमापक, एक फडकें, एक माठ आणि एक तराजू एवढ्यावर या प्रकरणाचा गाभा डोळ्यांना दाखवितां येतो. प्रत्येक शाळेनें फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोज दुपारीं दोन्ही तापमापकांचे आंकडे मुलांकडून घेववावे व दारावरील फळ्यावर लिहवावे. रस्त्यानें जाणारा हमाल, भाजीवाली, दुकानदार ते वाचतील. आणि मुलांसही आपण शिकतों तें गांवाच्या उपयोगाचें आहे हें कळेल.

आपली जबाबदारी शाळेवर टाकून नागरिकांस मात्र मोकळें होतां येणार नाहीं. अहमदाबादेंत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेंत नेहमींपेक्षां सुमारें १३०० मृत्यु अधिक झाल्याचा अंदाज अभ्यासकांनीं पुढें काढला. त्यापासून धडा घेऊन त्या शहरानें २०१३ सालीं आगाऊ इशारे, डॉक्टर व परिचारिकांचें शिक्षण आणि लोकजागृति यांची उष्णता कृति योजना आंखली. तीच पुढें देशांतील इतर शहरांस नमुना झाली. आमच्या बाजारपेठांस तर इतक्या मोठ्या योजनेचीही वाट पाहण्याचें कारण नाहीं. मालाची चढउतार सकाळीं व सायंकाळीं करावी, दुपारीं हमालांस सावली व विसावा द्यावा, गाडीतळावर पाण्याचे माठ भरून ठेवावे, वखारीच्या पत्र्यावर पांढरा चुना फांसावा. उष्माघातानें कोसळलेल्यास सावलींत नेऊन, अंग भिजवून, वारा घालीत तत्काळ रुग्णालयांत पोहोंचवावें. यांतलें एकही काम दानधर्म नव्हे. उष्णतेचा धडा ज्याला खरोखर समजला, त्याच्या हातून तें आपोआप घडलें पाहिजे.

उन्हाळा कोणाच्या मर्जीनें टळत नाहीं. पण अज्ञान टाळणें आपल्या हातीं आहे. पाठ्यपुस्तकांतील प्रकरण फळ्यावरून दारावर, आणि दारावरून बाजारांत आणण्यास नवा कायदा नको कीं नवा कर नको. ज्या शाळाचालकांस व व्यापाऱ्यांस हें पटेल त्यांनीं पुढचा उन्हाळा येण्यापूर्वींच कामास लागावें, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.