कानांसाठी रचलेले रंगमंच

आकाशवाणीवरील संगीतिका ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना पडद्याविना आणि नेपथ्याविना उभे राहणारे संगीत नाटक नवे नाही. अमेरिकेत रेडिओच्या भरभराटीच्या काळात रंगभूमीवर गाजलेल्या संगीत नाटकांचे संक्षेप प्रसारित होत. परंतु काही कृती मुळातच रेडिओसाठी रचल्या गेल्या. त्यांचे वेगळेपण कथानकाच्या निवडीतच दिसते.

२४ ऑक्टोबर १९३७ रोजी सीबीएसने मार्क ब्लिट्झस्टाइन यांची ‘आयव्ह गॉट द ट्यून’ ही संगीतिका प्रसारित केली. तिच्या नायकाजवळ चाल आहे, पण शब्द नाहीत. शब्दांच्या शोधात तो नाना तऱ्हेच्या माणसांना भेटत जातो. ही भूमिका स्वतः ब्लिट्झस्टाइन यांनीच केली. येथे कथाच ऐकण्याची आहे. डोळ्यांना काही उणे पडत नाही.

जियान कार्लो मेनोत्ती यांनी एनबीसीसाठी लिहिलेली ‘द ओल्ड मेड अँड द थीफ’ २२ एप्रिल १९३९ रोजी प्रसारित झाली. चौदा छोटे प्रवेश आणि त्यांना जोडणारे निवेदन, अशी तिची बांधणी. एक प्रौढ कुमारिका दारी आलेल्या देखण्या भटक्याला आसरा देते. शेजारीण फरारी चोराची बातमी आणते. वर्णन पाहुण्याशी जुळते. तरीही त्याला ठेवून घेण्यासाठी बाई स्वतःच चोऱ्या करू लागते! सारा गोंधळ ऐकीव माहितीवर चालतो आणि श्रोत्यालाही तो चेहरा दिसत नसतो. पात्रांइतकाच तोही अंधारात.

१९४१ मध्ये ही संगीतिका फिलाडेल्फियात रंगमंचावर आली आणि पुढे रंगमंचानेच तिला टिकवले. रेडिओचा प्रयोग हवेत विरतो; स्वरलिपी छापली गेली, नवे गायक मिळाले, तरच कृती जगते.

आपल्याकडे मंगेश पाडगावकरांची ‘बिल्हण’ ही संगीतिका पु. ल. देशपांडे यांनी संगीतबद्ध केली. जितेंद्र अभिषेकींच्या स्वरातील तिची गीते आजही आवडीने ऐकली जातात, पण बहुतेकांना ती सुटी भावगीतेच वाटतात. गाणे उरले, नाटक मागे पडले. म्हणून संगीतिका जपायची तर केवळ ध्वनिमुद्रित गाणी पुरणार नाहीत. संहिता, निवेदन आणि दोन गाण्यांमधले संवादही जपावे लागतील. गाण्याला त्याचा प्रसंग तेथेच सापडतो.