फाइल अडते कुठे?

आखाडा बाळापूरच्या एखाद्या सेवा केंद्रावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला अपलोड झाला नाही, की पहिलं उत्तर ठरलेलं: "रेंज नाही." कधी ते खरंही असतं. पण त्याच फोनवर व्हिडिओ न अडखळता चालत असेल, तर दोष पलीकडे, सर्व्हरच्या बाजूला शोधायला हवा.

पलीकडचं ॲप जावातलं असेल, तर हा गैरसमज होण्याला सबळ कारण आहे. मोबाइलवर काढलेला दाखल्याचा फोटो सहज ४-५ एमबी भरतो. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये काहीच बदललं नसेल, तर एका फाइलची मर्यादा असते १ एमबी. ती ओलांडली की सर्व्हर फाइल नाकारतो. नाकारलेल्या फाइलचा उरलेला भाग त्याच्यातला टॉमकॅट हा वेब सर्व्हर २ एमबीपर्यंत वाचून टाकून देतो. त्याहून जास्त उरला तर जोडणीच तोडतो. मग "फाइल मोठी आहे" हा निरोप पोचतच नाही आणि ब्राउझर "कनेक्शन रिसेट" दाखवतो. अर्जदाराला रेंज गेली असं वाटणारच, त्यात त्याची काय चूक? ही २ एमबीची मर्यादा ठरवणारं मॅक्स-स्वॅलो-साइझ हे सेटिंग वाढवता येतं. पण फाइल निवडताक्षणी पानावरच आकार तपासून मराठीत स्पष्ट सांगावं, हे मला जास्त गरजेचं वाटतं. सर्व्हरवरची तपासणी तरीही हवीच.

"जावातली मर्यादा वाढवली, आता चालेल," हेही पुरेसं नाही. ॲपच्या पुढे एनजिन्क्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची मर्यादा मुळात १ एमबीच असते आणि तो ४१३ हा एरर कोड देऊन फाइल परतवतो. खूण सोपी आहे: ॲपच्या लॉगमध्ये त्या अपलोडची एक ओळही सापडत नाही. अशा वेळी कोड उघडू नका, आधी एनजिन्क्सचा एरर लॉग पाहा.

फोटोच्या नावापुढे पीडीएफ लिहिलं म्हणून तो पीडीएफ होत नाही. ब्राउझर फाइलचा प्रकार बहुधा नावावरूनच कळवतो, त्यामुळे त्यावर विसंबणारं ॲप फसतं. खरी ओळख पहिल्या काही बाइट्सवरून पटते. अपाचे टिका ही जावा लायब्ररी ते काम करते.

कधी चूक पानाच्या एचटीएमएलमध्येच असते: फॉर्मला मल्टिपार्ट एन्कटाइप लावायचा राहिला, तर फाइल जातच नाही, नुसतं नाव जातं.

आणि अपलोड झालं म्हणजे कागद सुरक्षित, असंही नाही. फाइली ॲपच्याच फोल्डरात ठेवल्या, तर नवी आवृत्ती चढवताना त्या पुसल्या जाऊ शकतात. त्या बाहेरच्या, बॅकअप होणाऱ्या जागी ठेवाव्यात. नाहीतर छाननीत अर्ज दिसतो, दाखला दिसत नाही आणि त्रुटीचा शेरा विद्यार्थ्याच्या नावावर पडतो.