दोन शिवसेना, एकच भगवा: पायथॉनमध्ये बार चार्टचे रंग आणि लेजंड कसे ठरवायचे?

निवडणुकीचा निकाल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर बार चार्टचा पाऊस पडतो. पण चार्टमधला रंग चुकला तर आकडे बरोबर असूनही वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

राधानगरी मतदारसंघच पाहा. आजरा शहर याच मतदारसंघात येतं. 2024 च्या विधानसभेला इथे प्रकाश आबिटकर धनुष्यबाणावर, तर के. पी. पाटील मशालीवर लढले. आबिटकर जिंकले. दोन्ही पक्ष शिवसेना, दोघांची ओळख भगवी. मग चार्टमध्ये कोणाचा बार कोणता?

आधी आकडे

2024 मध्ये भाजपला 132, शिंदेंच्या शिवसेनेला 57, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला 41, ठाकरेंच्या शिवसेनेला 20, काँग्रेसला 16 आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला 10 जागा मिळाल्या. एकूण जागा 288.

रंग कसे द्यायचे?

पायथॉनमध्ये चार्ट काढायला मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी वापरतात. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर तिचा 'बार' हा आदेश सगळे बार एकाच निळ्या रंगात काढतो. त्याच आदेशात 'कलर' पुढे सहा रंगांची यादी दिली, की प्रत्येक बारला आपापला रंग मिळतो. यादीचा क्रम पक्षांच्या क्रमाशी जुळायलाच हवा, नाहीतर काँग्रेसचा रंग भाजपला लागेल.

दोन शिवसेनांसाठी एक गडद आणि एक फिकट भगवा घ्या. तरीही फरक कळत नसेल, तर 'हॅच' वापरून एका बारवर तिरप्या रेषा मारा. ज्यांना रंग ओळखायला अडचण येते, त्यांनाही फरक दिसतो. चार्टची ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स काढली तरी तो टिकतो.

लेजंड म्हणजे काय?

कोणता रंग कोणाचा, हे सांगणारी चौकट म्हणजे लेजंड. इथे बरेच जण अडकतात. सहा रंग दिले, पण 'लेबल' एकच दिलं, तर लेजंडमध्ये फक्त पहिलाच रंग दिसतो. उपाय सोपा आहे: लूप लावून प्रत्येक पक्षाचा बार वेगळा काढा, प्रत्येकाला स्वतःचं लेबल द्या आणि शेवटी 'लेजंड' हा आदेश लिहा. 'लोक' वापरून चौकट कोणत्या कोपऱ्यात हवी तेही सांगता येतं. उंच बार डावीकडे असतील, तर ती वर उजवीकडे ठेवा.

मराठी नावांचं काय?

मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट निवडला की चौकोन जातात. पण अनेक आवृत्त्यांमध्ये 'शिवसेना' मधली वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षरं तुटतात. म्हणून सेव्ह केलेलं चित्र उघडून नावं नीट वाचा, मगच पोस्ट करा.

आणि पुढच्या वेळी असा चार्ट फॉरवर्ड करण्याआधी एकदा लेजंड बघा. लेजंडही नाही आणि बारखाली नावंही नाहीत? मग तो पुढे पाठवू नका.