ताम्रेश्वरी : सुतिया राज्याची देवी

ब्रह्मपुत्रेला जेथे तिचा विशाल विस्तार लाभतो, त्या आसामच्या पूर्व टोकाच्या सदिया परिसरात सुतिया लोकांचे राज्य होते. या नावातील आद्याक्षर असमिया लिपीत ‘च’ असले, तरी त्याचा उच्चार ‘स’ होतो. या राज्याचा जुना दिनांकित पुरावा म्हणजे राजा सत्यनारायणाचा इ. स. 1392चा ताम्रपट होय. मात्र राज्याच्या धर्मजीवनाचे खरे केंद्र होते ते ताम्रेश्वरीचे मंदिर, ज्याला तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या छपरामुळे हे नाव पडले, असे परंपरा सांगते.

सुतिया राजा मुक्तधर्मनारायणाने 1442मध्ये या मंदिराला भिंत बांधल्याचे तेथील शिलालेखात नमूद आहे. त्यात देवीचे नाव ‘दिक्करवासिनी’ असे असून ते कालिकापुराणातही आढळते. लोक मात्र तिला ‘केसाईखाती’, म्हणजे कच्चे मांस खाणारी, म्हणत. राजाश्रयाला संस्कृत नाव हवे होते. पूजा मात्र ब्राह्मणांकडे न जाता देउरी या स्थानिक पुजारी समाजाकडेच राहिली, आणि याच सहवासात सुतिया संस्कृतीचे वैशिष्ट्य दिसते.

आहोम राजा सुहुंगमुंग याने 1523-24मध्ये हे राज्य जिंकून तेथे ‘सदियाखोवा गोहाईं’ हा अधिकारी नेमला. ‘खोवा’ म्हणजे खाणारा, अर्थात त्या प्रदेशाचा उपभोग घेणारा. सत्ता बदलली, तरी विजेत्यांनी देवीची पूजा मोडली नाही. तेथील नरबळीची प्रथाही चालू राहिली आणि ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, आहोम राजा गौरीनाथ सिंहाच्या कारकिर्दीत थांबली, असे मानले जाते.

पुढील अशांततेच्या काळात देउरी सदिया सोडून नदीच्या खालच्या अंगाला वसले. त्यांच्यातील दिबंगिया शाखेने जपलेली देउरी भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातील असून, बहुसंख्य सुतिया आज असमिया बोलत असल्यामुळे तिचे मोल अधिक वाढते.

आसामात 21 एप्रिलला ‘सती साधनी दिवस’ पाळून अखेरच्या सुतिया राणीचे स्मरण केले जाते. आहोमांना शरण न जाता तिने चंदनगिरीवरून उडी घेतली, अशी परंपरा आहे. राणीच्या या स्मृतीइतकाच आदर त्या पुजाऱ्यांच्या सातत्यालाही दिला पाहिजे, कारण राज्य संपल्यानंतरही त्याची देवी ज्यांच्या मुखी राहिली, ते तेच होते.