दुसऱ्या तलवारीची किंमत

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या कल्पनाखेळात दोन्ही हातांत शस्त्र घेतल्याने बळ दुप्पट झाले, तर इतर शस्त्रे कोण उचलेल? म्हणून २०१४च्या नियमांनी दुसऱ्या घावाला किंमत लावली: त्यात अंगच्या ताकदीची भर नाही, शिवाय फेरीतली जादा कृती खर्ची पडते. ताकदीची भर ३ धरू आणि सगळे घाव लागले असे मानू. आखूड तलवारींचे सरासरी ६.५ आणि ३.५ मिळून १०. दोन हातांनी पेलायच्या मोठ्या तलवारीचेही ७ अधिक ३, म्हणजे १०. पाचव्या पातळीवर योद्ध्याला मुख्य घाव दोन मिळतात. मग मोठी तलवार २०वर जाते, जोडतलवारी १६.५वरच अडतात. २०२४च्या नियमांनी काही हलक्या शस्त्रांत प्रवीण असलेल्यांची जादा कृती मोकळी केली. हेतू एवढाच, की खेळाडूची निवड गणिताने आधीच ठरवून टाकू नये.