सुई थांबली तरी मीटर फिरतोच

बारामती आणि इंदापूर म्हटले की वाचकांना आधी ऊस आठवतो, मग दूध. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने, वालचंदनगरची यंत्रशाळा, बारामती एमआयडीसीतील पियाजिओ ही झाली मोठी नावे. त्यांच्याकडे विजेचा हिशेब ठेवायला पगारी इंजिनीअर असतात. आमचे हे लिहिणे त्यांच्यासाठी नाही. पंचवीस-पन्नास मशीन टाकून शिवणकामाचे जॉबवर्क करणारा, गावात दूध थंड करण्याचा कूलर चालवणारा, लोणी देवकरच्या एमआयडीसीत लहान शेड घेऊन बसलेला किंवा पेठेत कापडाचे दुकान मांडलेला जो आमच्यासारखा माणूस आहे, त्याच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

केंद्र सरकारच्या २००५ च्या एकात्मिक वस्त्रोद्योग पार्क योजनेतून बारामतीत हायटेक टेक्सटाईल पार्क उभा राहिला आणि तालुक्यातल्या लेकीसुना मोठ्या संख्येने मशीनवर बसल्या. या धंद्याची एक अडचण बाहेरच्यांना दिसत नाही. नगामागचा दर माल घेणारी पार्टी ठरवते. दोऱ्याचा, बटणाचा भाव बाजार ठरवतो. विजेचा दर आयोग ठरवतो. मालकाच्या हातात उरते ती फक्त मजुरी. म्हणून बिल वाढले की पहिली कात्री मजुरीला लागते. कोणी ओव्हरटाइम बंद करतो, कोणी दोन बायका कमी करतो. वीजबचत हा विषय आम्हाला पर्यावरणाच्या भाषणापेक्षा या बाजूने जास्त जवळचा वाटतो.

शिवणाच्या मशीनपासूनच सुरुवात करू. जुन्या औद्योगिक मशीनखाली क्लच मोटार असते. सकाळी बटण दाबले की ती पूर्ण वेगाने फिरू लागते आणि संध्याकाळपर्यंत फिरतच राहते. पायाखालचे पेडल दाबले की क्लच जुळतो आणि सुई चालते. पेडल सोडले की सुई थांबते, मोटार थांबत नाही. आता शिवणाऱ्या बाईचे काम नीट पाहा. कापड उचलायचे, कडा जुळवायच्या, थोडे शिवायचे, दोरा कापायचा, नग बाजूला ठेवायचा. आठ तासांच्या पाळीत सुई प्रत्यक्ष चालते तो वेळ एकूण वेळेच्या लहानसा हिस्सा असतो. बाकीचा सगळा वेळ मोटार वाऱ्यालाच फिरवत असते आणि त्याचे पैसे आपण भरतो.

सर्व्हो मोटारीत हा प्रकार नाही. पेडल दाबले तरच ती फिरते. हिशेबासाठी असे धरू, की क्लच मोटार सरासरी २५० वॅट ओढते आणि सर्व्हो ८० वॅट. फरक १७० वॅटचा. ५० मशीन, ८ तास, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे २०,४०० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर १ लाख ८३ हजार ६०० रुपये. मशीनमागे वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक. तुमच्याकडचे वॅट आणि दर वेगळे असतील, ते घालून गुणाकार करावा. नव्या मोटारीच्या कोटेशनला या आकड्याने भागले की पैसे किती दिवसांत वसूल होतात ते आपोआप निघते. शिवाय शेडमधली सततची घरघर बंद होते आणि मोटारींची उष्णता कमी होते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली बसून काम करणाऱ्यांना याची किंमत विचारा.

दोन सावधगिऱ्या सांगतो. सर्व्होत इलेक्ट्रॉनिक कार्ड असते. अर्थिंग कच्चे असेल, व्होल्टेज नाचत असेल तर ते जळते, तेव्हा आधी वायरिंग दुरुस्त करावे. दुसरे म्हणजे क्लचची सवय असलेल्या हाताला सुरुवातीचे काही दिवस मशीन वेगळे लागते. वेगाची मर्यादा कमी ठेवून द्यावी आणि बाईला ओरडू नये. काढलेल्या जुन्या मोटारी शेजारच्या गावातल्या लहान टेलरला विकल्या जातात हेही आम्ही पाहतो. म्हणजे उधळपट्टी बंद झाली नाही, तिने फक्त गाव बदलले.

आता बिलाकडे येऊ. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. तिथे ‘बिजली’ शिकलो, केव्हीए हा शब्द महावितरणच्या बिलाने शिकवला. राज्यात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॅटवरील लघुदाब औद्योगिक ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने आकारणी होते. उसाच्या गाडीचा एक बैल सरळ ओढतो आणि दुसरा कडेला खेचतो. घाम दोघांचाही निघतो, गाडी मात्र एकाच्याच जोराने पुढे जाते. कडेला खेचणाऱ्या बैलाचा चाराही आता आपल्याच बिलात येतो. १०० किलोवॅटचा भार पॉवर फॅक्टर ०.८० असताना १२५ केव्हीए मोजला जातो, तोच ०.९८ वर नेला तर १०२ च्या आसपास. कपॅसिटर लावला की काम झाले असे मात्र समजू नये. रात्री कारखाना बंद असताना कपॅसिटर जोडलेलाच राहिला तर उलट बाजूने बिल चढते, कारण या पद्धतीत लीडिंगही मोजले जाते. भार पाहून कपॅसिटर आपोआप आत-बाहेर करणारे पॅनल बसवावे. मंजूर मागणीचा आकडाही तपासावा. गरजेपेक्षा फार मोठी मागणी मंजूर करून ठेवली असेल तर न वापरलेल्या मागणीचेही पैसे जातात. बिल मुनीमजीकडे न देता मालकाने स्वतः एकदा वाचावे, एवढाच आमचा आग्रह.

वाफेच्या बाबतीत आमचे गुरू घराजवळच आहेत. पूर्वी साखर कारखाने उसाचे चिपाड कमी दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून आपली गरज तेवढी भागवत. पुढे २१ किलो दाबाऐवजी ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले. वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि मग तीच वाफ रस उकळायला जाते. एकाच वाफेकडून दोन कामे, आणि उरलेली वीज विकायला. शिवणकामाच्या कारखान्यात टर्बाइन बसणार नाही हे आम्हालाही कळते. पण इस्त्री विभागातल्या बॉयलरची वाफ थंड झाली की जे गरम पाणी होते ते गटारात का सोडायचे? ते परत बॉयलरच्या टाकीत घ्यावे. पाणी ६ अंशांनी गरम आत गेले तर सुमारे १ टक्का इंधन वाचते. वाफेचे पाइप उघडे असतील तर त्यांना लेप-जाकीट चढवावे. हाताला चटका बसतो तिथे पैसा उडतो आहे हे ओळखावे. दूधवाल्यांनाही एक सांगणे आहे. धारेचे ३५ अंशांचे दूध ४ अंशांवर आणताना कूलरच्या मागची जाळी धुळीने बुजली असेल तर कॉम्प्रेसर दुप्पट वेळ धापा टाकतो. ब्रश मारायला खर्च येत नाही.

दुकानदारांचा प्रश्न निराळा. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसह ५० वॅटच्या वर जाते, एलईडी ट्यूब २० वॅटमध्ये भागते. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. पण कापडवाल्याने स्वस्तातली एलईडी घेऊ नये. हलक्या दिव्याखाली मरून तपकिरी दिसतो, मोरपंखी निळा दिसतो, आणि बाई साडी घेऊन उन्हात जाते. तिथे रंग बदलला की गिऱ्हाईक गेले. खोक्यावर सीआरआयचा आकडा असतो. तो ९० किंवा वर असेल तोच दिवा काउंटरवर लावावा. गोदामात साधा चालेल.

भांडवलाचे काय, असे विचारले जाते. जुलै २०२५ मध्ये केंद्राने ‘अदिती’ योजना सुरू केली. त्यात ऊर्जाबचतीच्या यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजसवलत आहे. वस्त्रोद्योगही त्यात बसतो. ज्यांना कर्ज घ्यायचे त्यांनी जरूर चौकशी करावी. ऊर्जा तपासणीसाठी पुण्यात महाऊर्जाचे कार्यालय आहे. परंतु आपल्यातल्या पुष्कळ बांधवांना व्याजाचा व्यवहारच नको असतो. त्यांना व्याजातली सवलत ही सवलत वाटत नाही. त्यांनी पन्नास मोटारी एकदम बदलण्याच्या फंदात पडू नये. दहा बदलाव्यात. वरच्या हिशेबाने दहा मशीनमागे महिन्याला सुमारे तीन हजार वाचतात. ते गल्ल्यात मिसळू न देता वेगळ्या डब्यात ठेवावेत आणि त्यातून पुढच्या मोटारी घ्याव्यात. वेळ लागेल, पण कोणाचे देणे राहणार नाही.

कॉम्प्रेसर असेल तर येत्या सुट्टीच्या दिवशी एक काम करून पाहा. सगळी मशीन बंद, हवा कुठेच वापरात नाही, अशा वेळी कॉम्प्रेसर चालू करून टाकी भरू द्यावी. मग घड्याळ लावून दहा मिनिटे बसावे आणि त्यात तो किती वेळ लोड घेतो ते मोजावे. तीन मिनिटे घेतली तर त्याच्या ताकदीची ३० टक्के हवा गळते आहे. ७ किलो दाबावर ३ मिलिमीटरचे एक भोक सुमारे ३ किलोवॅट खाते. गळती शोधायला साबणाचे पाणी आणि ब्रश पुरतो. आधी पाइपांचे सांधे पाहावेत, मग नळ्यांची टोके. बुडबुडा आला की खडूने खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी फिटरला बोलवावे.