बिविल्डर : इंग्रजीतली रानभूल

या शब्दाचे स्पेलिंग पाहून मुले 'बिवाइल्डर' वाचतात. उच्चार मात्र 'बिविल्डर', 'वि' ऱ्हस्व. शब्दाच्या पोटात 'वाइल्ड', म्हणजे रान, आहेच. 'विल्डर' या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ वाट चुकणे, भरकटणे. म्हणजे आपली रानभूल, कोकणातला चकवाच!

जुळ्या भावांच्या नावांत गोंधळ झाला, तर 'कन्फ्यूज्ड' पुरे. परक्या शहरातल्या अवाढव्य स्टेशनात कुठे वळावे हेच सुचेना, तर 'बिविल्डर्ड'.

भांबावलेला माणूस 'बिविल्डर्ड'. भांबावून टाकणारी गोष्ट 'बिविल्डरिंग'. 'आय अ‍ॅम बिविल्डरिंग' म्हटले, तर आपणच लोकांना चकवतो असा अर्थ होईल!

मुलांना अर्थ सांगताना 'रानभूल' जरूर सांगा. एका शब्दात दोन भाषा पक्क्या होतील.